ओझरच्या चिठ्ठीतली मुंगी

माहेरी, वारूळवाडीत, मला लहानपणापासून रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, आणि झोप लागली तरच बंद. लग्न होऊन जर्मनीला गेले, तिथल्या शेजारणींना माझी भाषा कळत नव्हती, तरी माझं बोलणं काही थांबलं नाही. अशा बाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, ती साधी निघाली, जीव वाचला. पण शुद्धीवर आले आणि नवऱ्याला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, कदाचित आवाज परत येईल, कदाचित येणार नाही, वाट बघा. वाट बघणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

ओझरचा विघ्नहर आमच्या घरचा देव. वडील मला सायकलवर पुढे बसवून चतुर्थीला तिकडे न्यायचे. जर्मनीतल्या माझ्या देवघरातही त्याचाच फोटो आहे. त्या फोटोसमोर बसून मी मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडले. घ्यायचंच होतं तर गुडघे घ्यायचे होतेस, ते तसेही कामातून गेले आहेत. नेमका गळाच का घेतलास? माझा विश्वास डळमळला होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. देवावर रुसायचं म्हटलं तरी देव असावा लागतो, पण ते तेव्हा सुचलं नाही.

रागाचं कारण होतं. नारायणगावहून ओझरला जाताना वाटेत एक दोन खोल्यांची शाळा आहे. वीटभट्ट्यांवर कामाला आलेल्या माणसांची मुलं तिथं शिकतात. भट्टी सुरू असेपर्यंत ती शाळेत, पावसाच्या आधी भट्टी बंद झाली की आई-बापाबरोबर दुसऱ्या गावी. दर शनिवारी मी जर्मनीतून मोबाइलच्या पडद्यावर या मुलांना गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवायची. तीच पुस्तकं मुलांच्या हातात असायची. मी वाचायची, ती ओळींवर बोट फिरवायची आणि माझ्या सुरात सूर मिसळून मोठ्यानं वाचायची. पान उलटायच्या वेळी सगळी पानं एकदम उलटली जायची. तो आवाज ऐकून मला भरून यायचं. माझी स्वतःची मुलं मोठी होऊन पांगली होती, आठवड्याचा सगळा जीव त्या शनिवारात होता. तेवढंच एक खरं काम हाताशी होतं आणि ते गळ्यावर चालायचं.

विश्रांतीसाठी मी दादाकडे वारूळवाडीला आले. शाळा इतकी जवळ, पण तिकडे फिरकले नाही. मुलं मला मावशी म्हणायची; मुकी मावशी घेऊन त्यांनी काय करायचं, असं वाटे. एक दिवस मात्र वहिनीला खुणेनं सांगून निघाले. देवाशी समोरासमोर भांडायचं ठरवलं होतं. नारायणगावातून वाटेत माणसं घेत-सोडत जाणारी वडापची जीप धरली. ड्रायव्हरनं कुठं उतरायचं विचारलं. मी पर्समधल्या कागदावर ‘ओझर’ लिहिलं आणि तो कागद शेजारच्या बाईपुढे धरला. ही बाई जुन्नरची, मंदिराबाहेर बांगड्या विकणारी. मांडीवर बांगड्यांचं गाठोडं, हाताशी दहाएक वर्षांची एक मुलगी. सगळी जीप तिला चाची म्हणत होती. चाचीनं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि हसून म्हणाली, “ताई, मला न्हाई येत. पण आमची पूनम वाचती की. लई भारी वाचती.”

पूनमनं कागद दोन्ही हातांत धरला, मान ताठ केली, शब्दाखाली बोट ठेवलं आणि सुरू झाली. “एका रानात एक म्हातारी मुंगी होती. तिला साखरेपेक्षा मीठ आवडायचं.”

ही गोष्ट मीच शनिवारी पडद्यावरून वाचून दाखवलेली. ‘म्हातारी’वर रेंगाळायचं, ‘मीठ’ म्हणताना भुवया उडवायच्या, ही माझी लकब जशीच्या तशी. मोबाइलवर इवल्या दिसणाऱ्या चेहऱ्यांतला तिचा चेहरा मी ओळखला नव्हता, आणि डोक्या-गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेल्या मुक्या मला तिनं. माझा गेलेला आवाज माझ्या शेजारी बसून बोलत होता. पण कागदावर मुंगी नव्हती. मुलं वाचत नव्हती. ती मला पाठ करत होती, पानं उलटण्यासकट. त्यांच्या दृष्टीनं वाचायचं म्हणजे हातात कागद धरून मावशीसारखं बोलायचं.

ड्रायव्हरला हसू आलं होतं. चाचीच्या चेहऱ्यावर मात्र लेकीचं लग्न ठरल्यासारखा आनंद. ती मला सांगू लागली, पूनम काही तिची कुणी नव्हे, भट्टीवरची पोर, रस्त्यावर एकटी चालायची म्हणून ती रोज तिला शाळेपर्यंत सोडते. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिचा बाप म्हनलाय, भट्टी बंद व्हायच्या आत वाचाया शिकली तर आश्रमशाळंत घालीन. न्हाई तर पुढच्या साली इटा उचलाया लावीन. पर आता काय काळजी न्हाई, पोरगी वाचती.”

माझा आवाज असता तर मी तिथल्या तिथं बोलून गेले असते की अगं, असं काही लिहिलेलंच नाही. भर जीपमध्ये त्या पोरीचा चेहरा उतरला असता आणि ती पुन्हा कागदाला शिवली नसती. मला स्वतःला मी चांगली ओळखते. पण तोंड उघडलं तरी हवाच येणार होती. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पूनमच्या पाठीवरून हात फिरवला आणि शाळा आली तेव्हा तिच्या मागोमाग उतरले. ओझर राहून गेलं. माणसं देवाला सोडून गेल्याबद्दल वाईट वाटून घेतात, मला वाटलं नाही.

शाळेतल्या बाईंनी मला ओळखलं आणि त्या रडल्याच. मुलं सभोवती जमली, पण मावशी बोलेना म्हणून बिचकली. मी फळ्यावर ‘खिडकी उघड’ असं लिहिलं आणि वाट बघत उभी राहिले. कुणी मुंगीची गोष्ट म्हटली, कुणी कोंबडीची. मी मान हलवत राहिले. एरवी पाच मिनिटांत मीच उत्तर सांगून मोकळी झाले असते. आता ती सोय नव्हती. मला काय हवं आहे ते कळायचं असेल तर फळ्याकडे बघण्यावाचून मुलांनाही गत्यंतर नव्हतं. रोज जाऊ लागले. बाई अक्षरं गिरवून घ्यायच्या आणि मी मुक्यानं हुकूम सोडायची. चप्पल आण, टोपी काढ, नाच. एका सकाळी पूनम फळ्यापुढे ओठ हलवत बराच वेळ उभी राहिली, मग वळली आणि जाऊन खिडकी उघडली. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. तिनं मात्र पुढचा हुकूम काय म्हणून फळ्याकडे बोट दाखवलं.

तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. बाप रोज संध्याकाळी विचारायचा, येतं का गं? चाची सांगत होती की पूनम आता त्याला मुंगीची गोष्ट म्हणून दाखवत नाही, “थांबा, अजून न्हाई आलं” म्हणते. हे म्हणायला केवढी हिंमत लागत असेल. आणि चाचीला कळलं असेल का, की त्या दिवशी जीपमध्ये पूनम वाचत नव्हती? कळलंच असणार. तरी तिनं पूनमचा हात एक दिवसही सोडला नाही.

भट्टी बंद व्हायच्या सुमारास चाची मला म्हणाली, ताई, तुमचं ओझर राहिलंय. आम्ही तिघी त्याच वडापनं गेलो. चाचीनं गाठोडं सोडून बांगड्या मांडल्या. मी पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला आणि पूनमच्या हातात दिला. तिनं बोट ठेवलं. “ओ. झ. र.” मग पुन्हा एका दमात, “ओझर.” तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली आणि भलतीच गंभीर होऊन म्हणाली, “मावशी, ह्याच्यात तर मुंगी न्हाईच.”

मला हसू फुटलं. आणि त्या हसण्याला आवाज होता. फाटका, घोगरा, गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा, पण आवाज. चाचीच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतील नस सुधारत होती, आणि ते बरोबरच असेल. मी गाभाऱ्यात गेले. भांडण करायचं होतं ते काही केल्या आठवेना. हात जोडून म्हटलं, आवाज तुझ्याकडे होता तेव्हा माझ्यापेक्षा चांगला वापरलास.

पूनमच्या बापानं शब्द पाळला, ती आश्रमशाळेत आहे. माझा आवाज अजून घोगराच आहे, पण पुरतो. मी जर्मनीला परतले आहे. शनिवारी भट्टीवरची नवी मुलं पडद्यापुढे बसली की मी एक शब्द लिहून समोर धरते, माझा माइक बंद करते आणि वाट बघते. त्या शांततेत पलीकडून पहिलं अडखळतं अक्षर येतं, तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात.