झाकलेले लेबल

१४ मे, दुपारी साडेतीन. प्रतापनगरातील प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम माझी प्रत्येक पाणीचाचणी स्वतः पुन्हा करत. अशाने अहवालावर स्वतंत्र सही करण्याचा अधिकार मला कधीच मिळणार नव्हता, म्हणून त्या दिवशी मी सरळ कारण विचारले.

"काहून वं, राग आला काय? माह्यं काम तर कोनीच तपासत नाही. तू तपासशीन?"

त्यांनी स्वतः तपासलेला एक नमुना लेबल झाकून माझ्यापुढे ठेवला. मला फ्लोराइड १.६ मिळाले, त्यांना १.४ मिळाले होते. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा १.५ आहे. मी माझ्या आकड्यावर ठाम राहिले. त्यांनी वाद न घालता उपकरण माझ्यासमोर नव्याने प्रमाणित केले आणि आम्ही दोघींनी मिळून चाचणी केली. मग पेन माझ्या हाती देत म्हणाल्या, "लिही, अन् सही तूच कर."

मी लिहिले: १.५८.