चिंचेनं घासलेलं पदक

चिंचेचा कोळ हाताला लागला की मी बी.ए. झालो त्या वर्षीचा दसरा आठवतो. आमच्याकडं खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या तेव्हा नव्यानं उभ्या राहत होत्या. आई चिंचेनं देव घासत होती. त्यातल्या चांदीच्या गोल टाकाच्या कडेवर मला झिजलेली इंग्रजी अक्षरं दिसली. शिपाई नंबर आणि पणजोबांचं नाव! मागं पुसट १९१४-१९१८. तो देव नव्हताच, पहिल्या महायुद्धाचं पदक होतं.

“तुझा पणजा कसला लढतोय, मुंबईला पळाला व्हता,” असं भावकीतले तात्या कायम हिणवायचे. त्यांनाच बोलावून मी ते मोठ्यानं वाचलं.

“परत वाच,” तात्या म्हणाले. मग त्यांनी पदकाला हात जोडले.

“आता देव्हाऱ्यातनं काढू का रं?” आईनं विचारलं.

“राहू दे. फक्त कड घासू नको.”

आजही कड मीच पुसतो, कोरड्या फडक्यानं.