दोन्ही पानांवर दिसणारी चौकट

पेणजवळच्या जोहे गावातल्या एका गणपतीच्या कारखान्यात मी शिरलो तो शाबासकी घ्यायला. चतुर्थीला आठ दिवस राहिले होते. पेणला संगणकाच्या क्लासात शिकवता शिकवता मी त्यांना ऑर्डरी नोंदवायचा प्रोग्रॅम करून दिला होता आणि त्याचा मला भलताच ताठा होता.

फळीवर चौदा मूर्ती ओळीने मांडल्या होत्या. चौदाही उजव्या सोंडेच्या. उजव्या सोंडेचा गणपती कडक, सोवळ्याचा. कोणी सहजासहजी घरी नेत नाही. वर्षाला दोन गेले तरी पुष्कळ.

म्हाताऱ्या मालकांना विचारलं, तर त्यांनी तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. माझ्याच प्रोग्रॅमने छापलेल्या. यंदा लोकांची श्रद्धा वाढली असेल असं समजून म्हातारबांनी सगळ्या सोंडा स्वतःच्या हाताने वळवल्या होत्या. चौथ्या चिठ्ठीवर रोह्याजवळच्या वरसे गावचा पत्ता होता, आमच्या घरचा. वडिलांनी डाव्या सोंडेचा सांगितला होता; फक्त रोह्याच्या गाडीत धक्के लागू नयेत म्हणून लाकडी पेटी मागितली होती. चिठ्ठीवर उजवी सोंड छापली होती, पेटीचं नावही नव्हतं.

तिथे मला सगळं कळलं.

स्क्रीनवर दोन टॅब होते, एक मूर्तीचा, एक पाठवणीचा. टॅब दाबला की त्याचं पान वर येई. पहिल्या पानावर ‘उजवी सोंड’, दुसऱ्यावर बरोबर त्याच जागी ‘लाकडी पेटी’, दोन्हींपुढे टिक करायची चौकट. जागा तंतोतंत जुळवल्या म्हणून मी स्वतःवर खूश होतो. पण सोंडेची चौकट पानाच्या आत ठेवायच्या ऐवजी मी चुकून थेट प्रोग्रॅमच्या खिडकीवर, म्हणजे दोन्ही पानांच्या वर, ठेवली होती. पान बदललं तरी ती हलत नव्हती, पेटीच्या चौकटीवर बसून राहत होती. पेटी मागणाऱ्या प्रत्येकाला उजवी सोंड मिळाली होती.

मालक सुनेकडे वळले. ऑर्डरी तीच भरायची.

“कुठं बोट मारलंस गो?”

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मला आठवलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, सोंडेला केलेली टिक पेटीलापण दिसते, असं कसं? मी हसून म्हणालो होतो, तुम्ही नवीन आहात, होईल सवय. हे आठवूनही मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा धक्का मला आजही त्या चौदा सोंडांपेक्षा मोठा वाटतो.

शेवटी मी सांगून टाकलं. चूक माझी, आणि हिने ती मला दाखवलीही होती.

म्हातारबा ओरडतील असं वाटलं. रंगवलेल्या मूर्तीला आता हत्यार लावायचं नाही, एवढंच ते म्हणाले. तेरा जणांना कारखान्यातल्या दुसऱ्या, डाव्या सोंडेच्या मूर्ती द्यायच्या ठरल्या. आमची मी तशीच मागून घेतली. सोवळं आईलाच पाळावं लागणार होतं; तिला काय सांगायचं ते माझं मी बघणार होतो.

मग त्यांनी खुर्ची सुनेपुढे सरकवली. “तू बस. मास्तर करतील, तू बघ. तुला पटल्याबिगर चालू करायचं नाय.”

मी चौकट उचलून पानाच्या आत ठेवली. तिने सोंडेला टिक केली, दुसरा टॅब दाबला. पेटीची चौकट रिकामी होती. तिने मागे जाऊन पाहिलं, उलट करून पाहिलं, असं पाच-सहा वेळा.

“आता बरोबर हाय,” ती म्हणाली. तोवर मी तिच्या खुर्चीमागे उभाच होतो.