वंदनाताईंचा ‘आफ्टर’ फोटो

“मॅडम, दार लावून घ्या. मी इथं आली हे कोणाले सांगू नका.”

तोंडावरचा स्कार्फ सुटला तेव्हा ओळखलं. मनीषनगरच्या वंदनाताई. त्या वजन कमी करायचं तेल विकतात. मी धरमपेठेत डाएटिशियन. म्हणजे माझे पेशंट पळवणारी बाईच माझ्यासमोर बसली होती.

“‘बिफोर’ फोटो गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकून बसली. दिवाळीले ‘आफ्टर’ टाकायचा आहे. नाही टाकला तर माझं तेल कोण घेते?”

काट्यावर उभं केलं. वजन बिफोरच्याही पुढे गेलेलं.

ताई कीटोवर होत्या. कीटो म्हणजे पोळी, भात, साखर जवळजवळ बंद. मग शरीर इंधन म्हणून चरबी जाळतं. शिवाय कॉफीत त्या विकतात तेच, नारळापासून काढलेलं एमसीटी तेल, चमच्यावर चमचा.

पर्समधून त्यांनी लघवी तपासायची वाळलेली पट्टी काढली. “पाहा, जांभळी. चरबी जळून राहिली ना? मग वजन काहून नाही उतरत?”

“चरबी जळतेय एवढंच पट्टी सांगते. बाटलीतली की पोटावरची, ते नाही सांगत. वरून तेल मिळतंय तोवर शरीर आतल्या साठ्याला कशाला हात लावेल?”

“मग माझं तेल खोटं?”

“तेल तेलच आहे. थोडी भूक मारत असेल. पण त्यात कॅलरी आहेत. बंद करा.”

“अवो मॅडम, अन् घरात खोकंभर बाटल्या आहेत त्या?”

“त्या तुम्ही बघा.”

तेल बंद झालं, वजन उतरलं. दिवाळीला फोटो फिरत फिरत माझ्याही फोनवर आला. सडपातळ वंदनाताई, हातात बाटली. ‘हेच माझं सीक्रेट!’ पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं. मी फोन पालथा ठेवला.

मग त्यांचे यजमान आले. खापरखेड्याला वीजकेंद्रात नोकरी.

“मॅडम, बायको बारीक झाली अन् मी फुगून राहिलो. गोड सोडलं, तळलेलं सोडलं. पण डब्यातल्या भाजीवर बोटभर तेलाची तर्री. विचारलं तर म्हणते, मुकाट्यानं खा.”

खोकं कुठे रिकामं होत होतं ते कळलं. पण एका पेशंटचं दुसऱ्याला सांगता येत नाही, नवरा असला तरी. मी कागदावर लिहून दिलं: डब्याची भाजी स्वतः करायची.

“हे औषध आहे?”

“हो. रोज सकाळी, उपाशीपोटी.”

त्यांचंही वजन उतरलं. लगेच ग्रुपवर नवा फोटो: नवरा, ढिली पँट, हातात तीच बाटली.

तेव्हापासून कोणी ‘आफ्टर’ फोटो दाखवला, की मी बाटलीचं नाव वाचत नाही. घरी स्वयंपाक कोण करतं, ते विचारते.