हवालदारकाकांची रविवारची खुर्ची

हवालदारकाका गेले तेव्हा शोकसभेत बोलायला पाच जण ठरले होते आणि पाचही जण माईकसमोर जाऊन हसत सुटले. पहिल्याने सुरुवात तरी बरी केली, 'देशसेवा' वगैरे शब्दही काढला, पण समोर बसलेल्या पुरुषांच्या डोक्यांकडे त्याचं लक्ष गेलं आणि गड्याची गाडी तिथेच अडली. शेवटी सगळे सलूनवाल्याकडे बघायला लागले. आपल्याला बोलता येत नाही असं हा बाबा जन्मभर सांगत आलाय, आणि एकदा तोंड उघडलं की बंद करायचं नाव घेत नाही. पुढचं सगळं त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे, तेव्हा त्यातलं तिखटमीठही त्याचंच.

काका सैन्यात टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामाला होते. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर केस कापणारा आजारी पडला. साहेबांनी विचारलं, कात्री कोणाला चालवता येते? काकांनी हात वर केला. त्यांना वाटलं, तार कापायची आहे. संध्याकाळपर्यंत चाळीस डोकी भादरून झाली होती. त्या दिवशी जी कटिंग हातात बसली ती बसली. मागून साफ, बाजूंनी साफ, वर टाळूवर मूठभर रान, आणि एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर. दुसरी कटिंग ते शिकले नाहीत. गरजच काय, म्हणायचे.

निवृत्त होऊन ते आमच्या गल्लीत राहायला आले आणि दुसऱ्याच रविवारी त्यांनी ओट्यावर लाकडी खुर्ची मांडली. सकाळी सहा ते बारा, केस फुकट, वर चहा. नको म्हणायची सोय नव्हती, कारण काका फाटकाशी उभे राहून हाक मारायचे आणि त्या हाकेला कुत्रीसुद्धा सरळ उभी राहायची. वर्षभरात गल्लीतले सगळे पुरुष मागून सारखे दिसायला लागले. बायका बाजारात भलत्याच माणसाच्या हातात भाजीची पिशवी देऊन पुढे चालू लागायच्या. एका घरातल्या लग्नाच्या फोटोत नवरदेव, त्याचा बाप आणि नवरीचा मामा असे तिघं सख्खे भाऊ वाटतात.

पण केस हे निमित्त होतं, महाराजा. खुर्चीत माणूस बसला, गळ्याभोवती कापड आवळलं की काका विचारायचे, "घरी काय अडचण?" मानेवर कात्री असताना कोण खोटं बोलेल? कोणाचं छप्पर गळायचं, कोणाच्या आईचं पेन्शन अडलेलं असायचं, कोणाचा मुलगा तीनदा नापास झालेला. सोमवारी काका शिडी घेऊन छपरावर, मंगळवारी पेन्शनच्या खिडकीशी, आणि संध्याकाळी त्या नापास मुलासमोर गणिताचं पुस्तक उलटं धरून बसलेले. गणित त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना समजावता समजावता मुलगा पास झाला.

अशा गल्लीत, काकांच्या बरोब्बर समोर, सलूनवाल्याने दुकान टाकलं. तीन आरसे, फिरती खुर्ची, गुलाबी पडदा. पहिले दोन रविवार तो माश्या मारत बसला. तिसऱ्या रविवारी बाह्या वर करून भांडायला म्हणून रस्ता ओलांडून गेला, आणि दहा मिनिटांनी काकांच्या खुर्चीत मान खाली घालून आपली अडचण सांगत होता. अडचण काका स्वतःच होते, तरी त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, माझी कटिंग म्हणजे नुसती नांगरणी समज, पीक तू काढ. दुसऱ्या दिवशी सलूनच्या दारात ते स्वतः उभे राहिले आणि आदल्या दिवशीचं एकेक डोकं दुरुस्तीसाठी आत ढकललं. त्या दुरुस्तीवर सलूनवाल्याचं घर उभं राहिलं, हे तो आजही कबूल करतो. स्वतःच्या डोक्याची दुरुस्ती मात्र त्याला कधी करता आली नाही. मागचं दिसत नाही ना.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग काका ब्याऐंशीचे झाले आणि त्यांचा हात थरथरायला लागला.

पहिली कात्री पोस्टमनच्या कानाला लागली. भला माणूस, कानावर रुमाल दाबून "छान झालं काका" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. पुढच्या रविवारी मास्तरांची अर्धी भुवई गेली. मास्तर महिनाभर आश्चर्य वाटल्यासारखे दिसत होते. लोक घरच्यांचा निरोप घेऊन खुर्चीत बसायला लागले, डोळे गच्च मिटून, पण काकांना एक शब्द बोलायची कोणाची छाती होत नव्हती.

शेवटी गल्लीतल्या वकिलांच्या दिवाणखान्यात बैठक भरली. वकिलांच्या डोक्यावर केस म्हणाल तर औषधालाही नव्हता, उभ्या जन्मात ते काकांच्या खुर्चीत बसले नव्हते, आणि सगळ्यात लांब भाषण त्यांनीच ठोकलं. ठराव झाला, खुर्ची बंद. सांगायचं कोणी? तर सलूनवाल्याने, कारण विषय त्याच्या धंद्यातला. सलूनवाला मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत घरी आला. काकांना दुखवायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा.

शनिवारी दुपारी तो गेला. काका कात्रीला तेल देत बसले होते. वाटेत पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"काका, तुमचा हात थरथरतो."

"माहीत आहे," काका म्हणाले. "चार महिने झाले. येणारा प्रत्येक जण डोळे मिटून बसतो. मी काय आंधळा आहे?" त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली. "बंद करतो. पण मग रविवारी माझ्याकडे कोण येणार रे?"

काकू जाऊन अकरा वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात. बैठकीत कानांचा विचार झाला होता, भुवयांचा झाला होता, याचा कोणीच केला नव्हता. सलूनवाला भलतंच बोलून बसला. "मी येतो की. कात्री माझी, हुकूम तुमचा."

घरी बायकोने विचारलं, रविवारचा धंदा सोडून जाणार, डोकं ठिकाणावर आहे का? मग तिनेच त्याचं कापड धुऊन वाळत घातलं.

रविवारी सहाला काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. सलूनवाला खांद्यावर कापड टाकून उभा. सात वाजले. आठ वाजले. चिटपाखरू नाही. झालं असं की, खुर्ची बंद झाली, आता काकांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून आमची शहाणी गल्ली दारं लावून पडद्याआड बसली होती. नव्या व्यवस्थेचं कोणाला सांगायचं सलूनवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जाऊन सांगावं तर काकांना एकटं टाकून जायला पाय निघेना. काका म्हणाले, ऊन फार आहे, लोक सावकाश येतील. ऊन अजून ओट्यावर चढलंही नव्हतं.

साडेआठला वकिलांचं फाटक करकरलं. वकील बनियनवर, खांद्यावर टॉवेल. कोणाकडे न बघता ओट्यावर चढले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कापा."

सलूनवाल्याने ते डोकं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. कात्री लावायची कुठे? काका स्टुलावरून उठले. त्यांनी वकिलांभोवती पूर्ण फेरी मारली, मान वाकडी करून कानामागे नजर टाकली आणि गंभीरपणे हुकूम सोडला, "मागून बारीक." सलूनवाला हवेत कात्री चालवू लागला. कच कच कच, पंधरा मिनिटं. समोरचे पडदे हलले. पोस्टमन आला, मास्तर आले, बघता बघता ओट्याखाली नऊ माणसांची रांग लागली. हसायची मात्र एकाचीही हिंमत नव्हती.

"घरी काय अडचण?" काकांनी विचारलं.

प्रत्येक बैठकीत बोलणाऱ्या वकिलांनी टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.

"अडचण काही नाही हो काका," ते म्हणाले. "घरी बोलायला कोणी नाही."

"मग रोज येत जा," काका म्हणाले आणि सलूनवाल्याला टाळूवरून अजून थोडं घ्यायला सांगितलं.