मामाला दिलेली

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. त्या उन्हाळ्यात ती भिंगरी नांदेडच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेत अडकून पडली होती. रक्त न गोठण्याच्या आजारांवर माझी पीएचडी झाली होती आणि पुढचं संशोधन शिकायला मी एका सरांच्या हाताखाली आले होते. शिकायला म्हणजे काय, तर पाण्याची वाट बघायला! विष्णुपुरी धरण आटलेलं, लातूरला तर पाणी रेल्वेनं येत होतं. आमची तपासणी करताना नळ्या अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात धराव्या लागतात, आणि ते पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत पडलेलं. मी उठायचे, टँकर आला का ते खिडकीतून बघायचे, परत बसायचे, परत उठायचे. सर वैतागून म्हणायचे, "अगं, बस की जरा! तुझ्या येरझाऱ्यांनी माझं डोकं गरगरायला लागलंय."

अशात उदगीरकडची एक बाई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन आली. मुलीची दाढ काढली होती आणि तेव्हापासून रक्त थांबत नव्हतं. तोंडात कापसाचा बोळा, ओढणीवर डाग, चेहरा पांढराफटक. सरांनी बजावलं, "हिनं बोलायचं नाही. जबडा हलला की धरलेली गुठळी सुटते." मग ती नुसत्या डोळ्यांनी बोलायला लागली, आणि डोळे असले भांडखोर की मला ती तिथंच आवडली.

"मुलगा असता तर मी लगेच हिमोफिलिया म्हणालो असतो," सर म्हणाले. हा आजार आई देते आणि बहुतेक मुलग्यांनाच होतो. मुलींच्या अंगात तो लपून राहतो, फार तर थोडा त्रास देतो, इतका नाही. त्यावरचं औषध म्हणजे रक्तात जो घटक कमी असतो तोच भरलेल्या कुप्या. फ्रिजमध्ये त्या मोजक्याच होत्या, आणि आमची ठरलेली पेशंट पोरं त्यांच्यावरच तगून होती. "तपासणीशिवाय मी कुपी फोडणार नाही," सर म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. पण मुलगी डोळ्यांदेखत ओसरत चालली होती.

मी बाईला विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

"हाव की. मामाला हाय. जरा खरचटलं की लई रक्त जातंय. गुडघे सुजून सुजून आखडलेत."

म्हणजे मुलीच्या मामाला आजार. ठीक. पण तेवढ्यानं मुलीला इतकं का व्हावं?

"आणि हिच्या वडिलांना?"

"मंग? तेच तर सांगून राहिले. मामाला हाय."

"अहो ताई, मामाचं कळलं हो मला! नवऱ्याचं सांगा की!" माझा आवाज चढला.

तेवढ्यात एक माणूस लंगडत आत आला. हातात घरून आणलेल्या पाण्याचा कॅन. मी सवयीनं म्हणाले, "मामा, जरा बाहेर बसता का?" आमच्याकडं कुठल्याही वयानं मोठ्या माणसाला मामाच म्हणतात. बाईनं पदर तोंडाला लावला. "बघा, तुमी बी मामाच म्हन्ल्या!"

"तुम्ही कोण हिचे?" मी त्याला विचारलं.

"पोरगी हाय ती माझी," तो म्हणाला, आणि बायकोकडं मान वळवून, "भाची ही."

हात्तिच्या! सख्ख्या मामाला दिलेली बाई. लग्न झालं तरी तोंडातला मामा काही सुटला नव्हता. बापाला आजार, आईच्या अंगात तोच लपलेला, दोन्हीकडून आला तर पोरगी सुटणार कशी? आणि मी तर तिकडच्याच अहमदपूरची! माझ्या आईनंही मला तिच्या धाकट्या भावाला द्यायचं ठरवलं होतं. घर डोक्यावर घेऊन मी शिकायला पळाले, आणि माझ्याच ध्यानात हे येऊ नये?

"सर, मला पाणी पाहिजे," मी म्हणाले.

"मलाही पाहिजे," सर म्हणाले.

त्या माणसानं कॅन माझ्यापुढं सरकवला. "घ्या की. मला रक्तातलं आठ नंबरचं कमी हाय म्हनून मागं एका डॉक्टरनं सांगितलं व्हतं. आता आमचं उदगीर नवा जिल्हा झालं की समदं तिथंच व्हईल म्हनतेत."

"आधी पाणी होऊ द्या, मग जिल्हा!" मी कॅन उचलला आणि पाणी तापवायला ठेवलं.

मुलीचं, बापाचं आणि माझं स्वतःचं रक्त घेतलं. वरचा पिवळट द्रव काढला. मुलीच्या द्रवात माझा मिसळला, गोठला. तिच्यात जे नव्हतं ते माझ्यातून मिळालं. मग तिच्यात बापाचा मिसळला आणि नळी तिरकी करून बघत राहिले. गोठलाच नाही, नुसतं पाणी. दोघांतही तीच वस्तू नव्हती, कोण कुणाला देणार? सरांनी नळी स्वतः हलवून बघितली आणि फ्रिज उघडला.

रक्त थांबलं. मला इतका आनंद झाला की मी व्हरांड्यात उगाच दोन फेऱ्या मारल्या. मग बाईला समजवायला बसले, तर ती म्हणाली, "आता हिचं बी ठरलेलंच हाय. माझ्या भावाला."

मी उडालेच. "वेड लागलंय का? हिला होणारा एकूण एक मुलगा असाच निघंल! नवरा कुणीही असो!"

"मंग माझा भाऊच बरा की," ती शांतपणे म्हणाली. "मला मामाला का दिली वाटतंय तुमाला? ह्येच्या रक्तापायी बाहेरचं कुनी पोरगी देईना. आईनं भावापायी मला दिली. आता माझ्या पोरीला बाहेरचा कोन करून घेईल, सांगा ना म्याडम? भाऊ जपंल तरी."

मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. तिचंही खोटं नव्हतं.

तेवढ्यात मुलीनं तोंडातला बोळा काढला. ती आल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, घोगरा, ठसक्याचा.

"मी मामासंगं लगीन करनार न्हाई."

"काय म्हन्लीस गं भवाने?" बाईचा हात सवयीनं वर गेला, आणि वरच राहिला. मुलीचा गाल अजून सुजलेला होता, दाढेची जागा ओली होती. बाईनं माझ्याकडं बघितलं.

"मार की," पोरगी म्हणाली.

बाईचा हात हळूहळू खाली आला.