झोपलेलं झाड आणि दोन बादल्या

“तुम्ही फक्त ते डेड आहे एवढं लिहून द्या. बाकीचं मी बघतो,” अमेय म्हणाला.

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या एका टाउनहाऊस कॉलनीत आम्ही तिघं उभे होतो. अमेय, त्याची आई म्हणजे माझ्या ओळखीच्या शैलाकाकू आणि मी. समोर साधारण माझ्या उंचीचं झाड होतं. जुलैचा दुसरा आठवडा होता आणि झाडावर औषधालाही पान नव्हतं. अमेयच्या हातात कॉलनीच्या लँडस्केप कमिटीचं पत्र होतं. मेलेलं झाड महिन्याभरात काढावं, असं त्यात लिहिलं होतं. काढण्याआधी आर्बरिस्टचा रिपोर्ट जोडायचा होता.

आर्बरिस्ट म्हणजे मी. लोक झाडांची डॉक्टर म्हणतात, पण मला बहुतेक वेळा पोस्टमॉर्टेमलाच बोलावतात. गावाकडे शेतकीची पदवी घेतली, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि गेली अठरा वर्षं लोकांच्या अंगणात डोकं वर करून फिरते आहे.

“झाड कुठलं आहे?” मी विचारलं.

“ॲप म्हणतं हॉर्स चेस्टनट. आई म्हणते सातवीण.”

“सातवीणच,” काकू म्हणाल्या. “पंजासारखी पानं यायची. मी मोजलीत.”

“किती होती?”

“पाच.”

सातविणीच्या पाच. ॲप आणि काकू दोघंही आत्मविश्वासात सारखेच होते.

पान नसलं की झाड ओळखता येत नाही, असा एक समज आहे. पण माणूस टोपी काढून आला तरी आपण त्याला ओळखतोच, तसंच हे आहे. मी एक फांदी जवळ ओढली. पानं गळलेल्या जागी फांदीवर व्रण राहतात. इथे ते समोरासमोर, जोडीने होते. टोकाला टोकदार, तपकिरी कळी. तिला बोट लावलं तर चिकट. कॅलिफोर्नियाचं बकआय. अगदी इथलंच झाड, ओकच्या सावलीत सुखाने वाढणारं. हेही कॉलनीच्या मोठ्या ओकखालीच लावलं होतं.

“बी कुठून आणलंत काकू?”

वॉकिंग ग्रुपमधल्या एका बाईंनी आपल्या अंगणातलं दिलं होतं. चिकूच्या बीसारखं चकचकीत, पण आकाराने सबंध चिकूएवढं. त्यावरचा फिकट डाग हरणाच्या डोळ्यासारखा दिसतो, म्हणून बकआय हे नाव. काकूंनी ते दुधाच्या रिकाम्या गॅलनच्या कॅनमध्ये लावलं. नंतर मोठी कुंडी. सहा वर्षांनी, मागच्या नोव्हेंबरमध्ये, कमिटीच्या परवानगीने जमिनीत.

“बी कुणी उकडून खायला बघितलं नाही ना?” मी विचारलं. हे विचारावं लागतं. बी इथे भाजून खातात त्या चेस्टनटसारखं दिसतं आणि विषारी असतं. रिठ्याच्या लांबच्या नात्यातलं आहे, पाण्यात घुसळलं तर फेस येतो.

“मी काय खुळी आहे?” काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, “त्यांनी दोन दिली होती. एक घासून बघितलं. जायफळासारखं लागतं का ते बघायला. कडू जहर निघालं, टाकून दिलं.”

अमेयने आईकडे पाहिलं. हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

आता मुख्य गोष्ट. हे झाड उन्हाळ्यात पानं टाकतं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. तेव्हा हे झाड दुकान बंद करून झोपतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांच्या आधी उठतं. जुलैमध्ये त्याला मेलेलं म्हणणं म्हणजे दुपारी दोन वाजता पुण्यातल्या दुकानदाराला मेलेलं म्हणण्यासारखं आहे.

“म्हणजे जिवंत आहे?” काकूंनी विचारलं.

मी लगेच हो म्हणणार होते. पण म्हटलं, आधी बघू. नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. वरच्या फांद्या खरवडल्या. तपकिरी. आणखी खाली. तपकिरी. कमरेच्या उंचीला आल्यावर फिकट हिरवी रेघ दिसली. झाड जिवंत असल्याचा माझा आत्मविश्वास तिथेच निम्मा झाला.

मग मी लांब स्क्रूड्रायव्हर काढला. फ्रीमाँटची चिकणमाती जुलैमध्ये विटेसारखी असते. इथे तो श्रीखंडात चमचा जावा तसा आत गेला. बाहेर काढून हुंगला तर कुजका वास. झोपलेल्या मुळांना रोज पाणी मिळालं की ती सडतात. झोपलेलं झाड आणि सडत चाललेलं झाड बाहेरून सारखंच दिसतं. हे झोपलं होतं की चाललं होतं, हे मलाही सांगता येईना.

“पाणी कोण घालतं?”

“मी,” काकू म्हणाल्या. “फक्त देवांच्या आंघोळीचं. ते काय सिंकमध्ये ओतायचं? तुळस खिडकीत आहे, तिची कुंडी केवढीशी. मग इथे घालते. एक तांब्या.”

“एवढ्याने असं होणार नाही.”

“पानं गळायला लागल्यापासून तांदळाचं धुवण पण घालते. छोटी बादली. तूच तर म्हणालीस.”

खरंच मी म्हणाले होते. मे महिन्यात त्यांचा फोन आला तेव्हा मी फ्रीवेवर होते. कुठलं झाड, कुठली माती, काही न विचारता म्हणाले होते, पहिला उन्हाळा आहे, पाणी कमी पडू देऊ नका. अठरा वर्षांच्या अनुभवाचा हा सल्ला. मला लाज वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

तरी हिशेब जुळत नव्हता. तांब्या आणि छोटी बादली मिळून एवढा चिखल होत नाही.

“अजून कोणी घालतं?”

अमेय ओककडे बघत होता.

“शॉवरचं पाणी गरम होईपर्यंत वाया जातं ना,” तो म्हणाला. “मी बकेट लावतो. ऑफिसला जाताना ओततो. डेली. फाइव्ह गॅलन असेल.”

“तू?” काकू म्हणाल्या. “तू तर काढून टाक म्हणतोस.”

“अगं, तू रोज सकाळी येऊन त्याच्यासमोर उभी राहतेस. मला बघवत नाही यार. म्हटलं एकदाचं काढून टाकू, नवीन लावू.”

“नवीन कशाला? या घरात सगळं तुमचं आहे. सोफा तुमचा, गॅस तुमचा, माझी खोलीसुद्धा तुम्ही सजवलीत. छानच आहे सगळं. पण माझ्या हातचं एवढं एकच आहे.”

अमेयने हातातलं पत्र घडी करून खिशात टाकलं. मी स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

उपाय एका ओळीचा होता. फेब्रुवारीपर्यंत काहीही करू नका. खत नाही, छाटणी नाही, पाणी तर नाहीच. पण आपल्या माणसाला काही न करण्याचा सल्ला पचत नाही. काकूंचा प्रश्न रास्तच होता, “मग देवांचं पाणी कुठे घालू?” दुसऱ्या दिवशी मी घरून अळूचे दोन कंद आणि एक टब नेऊन दिला. अळवाला किती पाणी घालायचं याला मर्यादा नाही. अमेयची बादलीही तिकडे वळवली.

उरली कमिटी. चेअरपर्सन डायान नावाची निवृत्त शिक्षिका. अजूनही समोरच्याच्या वहीत चुका शोधत असल्यासारखी बघते.

“इट्स डेड,” ती म्हणाली.

“अर्धं,” मी म्हणाले.

“आणि उरलेलं अर्धं?”

“फेब्रुवारीत सांगेन.”

तिला हे उत्तर आवडलं नाही. मलाही आवडलं नसतं. मग मी तिला ओकखाली नेलं. हे झाड मुळासकट काढायचं तर स्टंप ग्राइंडर लावावा लागेल, म्हणजे बुंधा भरडणारं यंत्र. त्याने ओकची मुळंही कापली जातील, हे सांगितलं. उन्हाळ्यातलं पाणी ओकलाही बाधतं आणि ते आम्ही बंद केलंय, हेही सांगितलं. डायानचा त्या ओकवर फार जीव. कॉलनीच्या न्यूजलेटरवर त्याचाच फोटो असतो.

“एंड ऑफ फेब्रुवारी,” ती म्हणाली. “आणि रिपोर्टवर तुझी सही हवी.”

मी सही केली. घरी येताना वाटलं, अर्ध्या झाडावर पूर्ण सही केली.

पुढचे सात महिने काकूंचे फोन येत राहिले. गणपतीत आला, “मुलगी बघायला आल्यासारखी नुसती लांबून बघून येते, हात लावत नाही.” दिवाळीत आला, “थोडं शिंपडू का?” नको म्हटलं. डिसेंबरात पाऊस सुरू झाल्यावर आला, “आता देव घालतोय ते चालतं ना?” जानेवारी संपला. टेकड्यांवरची बकआय हिरवी झाली. मी येता-जाता ती बघायचे. काकूंचं झाड तसंच, वाळकी काठी. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अमेयचा फोन आला. “तुम्ही येऊ शकता का? आई तिथून हलत नाहीये.”

मी काम सोडून गेले. काकू शाल घेऊन झाडाजवळ स्टुलावर बसल्या होत्या. कमरेच्या खाली, समोरासमोर, दोन कळ्या फुटल्या होत्या. प्रत्येकीतून मिटलेल्या मुठीसारखी पानं बाहेर येत होती. काकू रडत होत्या आणि अमेय त्यांच्या मागे उभा राहून उगीचच फोटो काढत होता.

कमरेच्या वरचा मेलेला भाग मी त्याच दिवशी कापला. झाड निम्मं झालं. दिसायला आता ते झाड कमी आणि हॅट-स्टँड जास्त आहे. डायान येऊन बघून गेली. तिने कॉलनीच्या वृक्षनोंदीचा फॉर्म पाठवला. एकदा त्या यादीत गेलं की झाड सहजासहजी काढता येत नाही. त्यात एक रकाना होता, झाड कोणी लावलं. अमेयने सवयीने स्वतःचं नाव टाइप केलं, कारण घर त्याच्या नावावर आहे. मग थांबला, खोडलं आणि लॅपटॉप आईकडे सरकवला. काकूंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पूर्ण नाव टाइप केलं. माहेरचंसुद्धा.

“आता पाडायचं असेल तर मला विचारावं लागेल,” त्या अमेयला म्हणाल्या.

“येस, मॅडम,” अमेय म्हणाला.

या प्रकरणातून मी एक शिकले. आता कोणाच्याही अंगणात गेले की झाडाकडे नंतर बघते. आधी विचारते, पाणी कोण घालतं. उत्तर आलं, “फक्त मी,” तर घरातल्या दुसऱ्या माणसाला बाजूला घेऊन पुन्हा विचारते. आणि मे महिन्यात मी स्वतः फोनवर काय बोलले होते, तेही आठवून बघते.